चौदाव्या कार्डावरचा स्वल्पविराम

(पोस्टकार्ड)
पुणे, २८ जून १९७६

चन्नवीर,

माझ्या तिकिटावर लायब्ररीतून काढलेलं फोरट्रानचं पुस्तक तुझ्या बॅगेतून सोलापूरला गेलं आहे. एकशे बारा पानं, निळं कव्हर, मागच्या बाजूला चहाचा डाग. डाग तुझा आहे. लायब्ररीची दुसरी नोटीस आली. पुस्तक पोस्टानं पाठव. स्वतः आणायची गरज नाही.

गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवर तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी तिथंच दिलं होतं. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल तर पुन्हा लिहिते. आयुष्यात एक गोष्ट शेवटपर्यंत ने. कुठलीही. मग विचार.

लिहिणार असशील तर संख्याशास्त्र विभागाच्या पत्त्यावर लिही. वसतिगृहात माझी पत्रं माझ्याआधी रेक्टरबाई वाचतात.

विजयमाला


भवानी पेठ, सोलापूर
३ जुलै १९७६

विजयमाला,

तुझ्या रेक्टरबाई परवडल्या. तुझं पोस्टकार्ड आधी आप्पांनी वाचलं, मग दिवाणजींनी, मग आमच्या कारखान्यातल्या रत्नम्मानं दिवाणजींकडून वाचून घेतलं, आणि सगळ्यांचं झाल्यावर माझ्या हातात पडलं. सगळ्यांचा एकच सवाल, प्लॅटफॉर्मवर काय विचारलंस रे? मी सांगितलं, गाडी सोलापूरला किती वाजता पोचते ते विचारलं. पुढच्या वेळेला आंतर्देशीय पाठव की!

पुस्तक मिळणार नाही. मी ते वाचतोय.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, कबूल. पण का सोडलं ते तरी बघ. ड्रॉइंगच्या सरांनी साठ पोरांपुढं माझी शीट वर धरायची, "चादरवाल्यांनी चादरी विणाव्यात" म्हणायचं, आणि मी मान खाली घालून रेघा ओढत बसायचं होय? शाईची दौत त्यांच्या कोटावर सांडली असं तू सगळ्यांना सांगत होतीस. सांडली नाही. फेकली. प्रिन्सिपॉलांनाही मी हेच सांगितलं. खोटं बोलायची सवय नाही आपल्याला.

आता माझी बोली ऐक. या पुस्तकावरून मी कंप्युटरची ही फोरट्रान भाषा शिकणार. एक प्रोग्रॅम लिहिणार. तो पहिल्या कार्डापासून शेवटच्या कार्डापर्यंत एकही चूक न निघता तुमच्या कंप्युटरवर चालला, की प्लॅटफॉर्मवरचा सवाल पुन्हा विचारणार. त्या वेळी हो किंवा नाही, एकच शब्द. उपदेश नको.

सोलापुरात कंप्युटर नाही, हे मला माहीत आहे. पण भोकं पाडलेली कार्डं वाचणारी यंत्रं आमच्या कारखान्यात सहा आहेत. चादरीवरचा मोर काय हातानं काढतात? मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरतात. जिथं भोक तिथं धागा उचलला जातो, भोक नाही तिथं खाली राहतो. मी आप्पांना म्हटलं, पुण्याचा कंप्युटर पण अशीच कार्डं वाचतो. आप्पा म्हणाले, "मग भोकं पाडायला पुण्याला कशाला गेलतास? हितं काय भोकं कमी हायत?"

प्रोग्रॅम सोबत आहे. कंप्युटरनं कागदावर फुल्याफुल्यांची एक चादर छापायची. चारी बाजूंनी किनार, मधे चौकट, चौकटीत मोठा बर्फी-छाप चौकोन. चादरवाल्यांनी चादरीच विणाव्यात ना? घ्या मग.

एका ठिकाणी तुझं नाव घालायचं होतं. पुस्तक म्हणतं, नाव सहा अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. इंग्रजीत तुझी नऊ होतात. शेवटची तीन तोडावी लागली. मला लई वाईट वाटलं. त्या भाषेला काहीच वाटलं नसणार.

चन्नवीर


पुणे, १६ जुलै १९७६

चन्नवीर,

बोली मान्य. गुरुवारी दुपारी विद्यार्थ्यांना यंत्र मिळतं. माझं काम झालं की शेवटी तुझ्या कागदावरून मी पाडलेली कार्डं घालीन. आठवड्यातून एकदाच, आणि मधेमधे तारा करायच्या नाहीत.

निकाल : कार्डं एकतीस, चुका एकतीस. हा इथला विक्रम आहे असं ऑपरेटर गुरुलिंग म्हणाले.

प्रत्येक ओळ कार्डाच्या सातव्या रकान्यापासून सुरू करायची असते. तू पहिल्यापासून केलीस. हे पान नऊवर आहे. तू आठवरून दहावर उडी मारलेली दिसते. छोटं पुस्तक आहे चन्नवीर, त्यात उडी मारायला जागा ठेवलेली नाही.

आणखी एक. माझं नाव दिलेल्या जागेत तू सुरुवातीलाच शून्य घातलं आहेस आणि पुढं ते कुठंच वापरलेलं नाही. ती ओळ काढून टाक.

विजयमाला


सोलापूर, २१ जुलै १९७६

विजयमाला,

तुझं पत्र वाचून मी पुस्तक भिंतीवर मारलं. मग उचललं आणि पान नऊ उघडलं. आहे तिथं. दीड ओळ. एवढी महत्त्वाची गोष्ट कुणी दीड ओळीत लिहितं का? आमच्याकडं नवा कामगार आला तर त्याला नुसता धागा कसा धरायचा ते आठ दिवस सांगतात. आणि पहिले सहा रकाने मोकळे का सोडायचे, ते काय कंप्युटरच्या बापाचे?

रागारागात एकतीसच्या एकतीस ओळी पुन्हा लिहिल्या, चौकडीच्या कागदावर, एका घरात एक अक्षर. रत्नम्मा बघत होती. तिचं काम म्हणजे जकार्डच्या सुट्या पट्ट्या दोऱ्यानं एकापुढं एक ओवायच्या. तीस वर्षं तेच करते. म्हणाली, "कसली डिझाईन रे बाबा?" म्हटलं, चादर. म्हणाली, "लई कोरी जागा सोडलीस की डाव्या अंगाला." बघ! तिला पण खटकलं.

तुझ्या नावाची ओळ काढली. आता त्या प्रोग्रॅमला काही चव राहिली नाही, पण चालेल.

चन्नवीर


पुणे, ६ ऑगस्ट १९७६

चन्नवीर,

चादर छापून आली. डाव्या बाजूला किनार नाही.

छापणाऱ्या यंत्राची एक रीत आहे. ओळीतलं पहिलं अक्षर ते छापत नाही. ते पाहून कागद किती सरकवायचा ते ठरवतं. तुझ्या प्रत्येक ओळीची पहिली फुली यंत्रानं गिळली. पान ऐंशी, तळाची बारीक टीप. गुरुलिंगांनी कागद वर धरून विचारलं, "सोलापूरला तीनच बाजूंनी किनार लावतात का हो?" मी म्हटलं, विणणारा रागीट आहे, एक बाजू रागात राहिली.

तरी एकतीसवरून तू एका चुकीवर आलास. हे नोंदवून ठेवते.

विजयमाला


सोलापूर, ११ ऑगस्ट १९७६

विजयमाला,

या वेळी पुस्तक फेकलं नाही.

मागावर कापडाच्या दोन्ही काठांना थोडे धागे जास्तीचे घेतात. ते नक्षीत येत नाहीत, पण ते नसले तर कापड उभंच राहत नाही. पहिली फुली तसलीच म्हण की. हे आधी असं सांगितलं असतंस तर पंधरा दिवस वाचले असते. प्रत्येक ओळीच्या आधी एक कोरी जागा सोडली आहे. एकशे बारा पानं आता दोनदा झाली, बारीक टिपांसकट.

येत्या गुरुवारी, एकोणीसला घाल. चालला तर शुक्रवारीच लिही. मी पोस्टमनला सांगून ठेवलं आहे, पत्र माझ्याच हातात द्यायचं.

चन्नवीर


पुणे, २७ ऑगस्ट १९७६

चन्नवीर,

चाललं नाही. चौदाव्या कार्डावर एक स्वल्पविराम राहिला आहे. बघ सावकाश. घाई नाही.

इकडचं म्हणशील तर मेसमधल्या पोळ्या चामड्यासारख्या आहेत, आणि आईनं दिलेली शेंगाची चटणी संपून दहा दिवस झाले. माझ्या खोलीतल्या दोघी जणी तुझं पत्र आलं का म्हणून आता माझ्याआधी विचारतात. त्यांना फोरट्रानमधलं काही कळत नाही, तुझा राग मात्र कळतो. डाव्या अंगाची कोरी जागा त्यांना फार आवडली.

बाबांचं पत्र आलंय. गुलबर्ग्याचं स्थळ आहे. तूरडाळीची मिल. दसऱ्याला होटगीला बघायला येणार आहेत. हे तुला कळवायचं कारण नव्हतं, पण कागदावर जागा उरली होती.

विजयमाला


सोलापूर, २ सप्टेंबर १९७६

विजयमाला,

जागा उरली म्हणून डाळमिलवाला घातलास! मला वाटलं, चटणीच्या खाली सही असेल.

पत्र वाचलं आणि तसाच सायकल काढून होटगीला गेलो. तुझे बाबा स्टेशनच्या सिग्नल केबिनमधून ड्युटी संपवून उतरत होते. मी म्हटलं, मामा, दसऱ्याचं तेवढं पुढं ढकला. ते म्हणाले, "का रं? तू कुणाचा?" म्हटलं, भवानी पेठेतल्या सिद्धलिंगप्पांचा. चौदाव्या कार्डावर एक स्वल्पविराम राहिलाय, तेवढा दुरुस्त होऊ द्या, मग विजयमाला काय ते सांगणार आहे.

त्यांनी मला बाकावर बसवलं. मग चहा सांगितला. म्हणाले, "म्हंजे गाडी आउटरला उभी हाय म्हण की."

मी म्हटलं, व्हय.

"आन् सिग्नल कुणाच्या हातात?"

मी म्हटलं, कंप्युटरच्या.

ते हसले. का हसले कळलं नाही. म्हणाले, "पस्तीस वर्सं रेल्वेत हाय बाबा. सिग्नल यंत्राच्या हातात कदी नसतोय. दांडा वडणारा मानूस असतोय."

तर ते असो. आता मुद्द्याचं. माझ्या कागदाची नक्कल माझ्याकडं आहे. चौदाव्या ओळीत स्वल्पविराम आहे. ठळक आहे, कागद फाटेल इतका ठळक. म्हणजे कार्डाला भोकं पाडताना राहिला. भोकं कोण पाडतं? तू. माझ्या एकतीस चुका तू मोजल्यास, मी तुझी एक मोजली तर राग नको.

कार्डं इकडं पाठव. मला बघायची आहेत.

शेंगाची चटणी पार्सलनं पाठवली आहे. अव्वानं केली. आई असून कुणाला पाठवतोस विचारलं नाही, नुसतं लसूण जास्त घातलं.

चन्नवीर


पुणे, १० सप्टेंबर १९७६

चन्नवीर,

तू होटगीला गेलास! स्वल्पविरामासाठी! बाबांनी लिहिलंय, "पोरगं येडं हाय, पर सायकल चांगली ठेवलीया." त्यांच्याकडून ही मोठी शिफारस आहे. यापुढं तिकडं जाऊ नकोस.

मी कार्डं पाडताना चुकत नाही. तरी पाठवते, तुझी खात्री होऊ दे. आमच्या पंचिंग यंत्राची शाईची पट्टी वाळली आहे, त्यामुळं कार्डांच्या वरच्या कडेला अक्षरं उमटलेली नाहीत. नुसती भोकं आहेत. तुला त्यातलं काही कळायचं नाही. एकच सांगते, क्रम बिघडू देऊ नकोस. एक कार्ड जरी मागंपुढं झालं तरी सगळं गेलं. जीव लावून सांभाळ आणि तशीच परत पाठव.

चटणी पोचली. सहा जणींत दोन दिवस टिकली.

विजयमाला


सोलापूर, १८ सप्टेंबर १९७६

विजयमाला,

"तुला त्यातलं काही कळायचं नाही." हे वाक्य मी तीनदा वाचलं.

बाई, तू कुणाला हे लिहितेस? आमच्या घरात पोर चालायला लागायच्या आधी भोकं वाचायला लागतं. पट्टी उजेडाला धरली की मोराची मान की पिसारा, आप्पा डोळे मिचकावून सांगतात. पुस्तकाच्या एकशे अकराव्या पानावर तक्ता आहे, कुठल्या अक्षराला कुठं भोकं. दोन दिवस खिडकीशी बसलो आणि तुझी तीसच्या तीस कार्डं उजेडाला धरून वाचली. स्वल्पविरामाला एका उभ्या ओळीत तीन भोकं असतात.

चौदाव्या कार्डावर ती तीन भोकं आहेत.

बाकीची एकोणतीसही बघितली. कुठंही काही राहिलेलं नाही. तुझं म्हणणं खरं आहे, तू कार्डं पाडताना चुकत नाहीस. मग चूक होती कुठं?

चूक नव्हतीच. तू खोटं लिहिलंस.

मी दौत फेकली तेव्हा फेकली म्हणून सांगितलं. आणि तू? डाळमिल आवडली असेल तर सरळ लिहायचं होतंस. माझ्या स्वल्पविरामावर कशाला ढकललंस? मला रागानं काय करावं ते कळेना. फेकायला हातात तुझी कार्डंच होती. फेकली नाहीत, हे लिहून ठेव.

परत पाठवतोय. या गुरुवारी घाल, आणि यंत्र जे छापेल ते जसंच्या तसं पाठव. क्रमाची काळजी नको. सुटी कार्डं तुम्ही पुण्याची माणसंच ठेवत असाल. रत्नम्मा बघून म्हणाली, "सुटी कोण ठेवतंय का रे बाबा? वारा आला की मोर उलटा व्हतोय." तिनं सगळ्या कार्डांना दोन्ही कडांना भोकं पाडून पक्क्या दोऱ्यानं ओवून दिलीत, आणि आमच्या रिवाजाप्रमाणं शेवटचं कार्ड पहिल्याला बांधलंय. आता वादळ आलं तरी क्रम हलायचा नाही. जीव लावून सांभाळलीत, तू सांगितलंस तशी.

आता सवाल विचारत नाही. उत्तर कळलं.

चन्नवीर


पुणे, २७ सप्टेंबर १९७६

चन्नवीर,

गुरुवारी मी तुझं पार्सल थेट सेंटरमध्येच उघडलं. सगळ्यांच्या समोर.

इथल्या यंत्राला कार्डं सुटीच लागतात. यंत्र एकेक कार्ड ओढून घेतं, पत्ते वाटल्यासारखं. गुरुलिंगांनी ती माळ दोन्ही हातांनी उचलली, आधी मला दाखवली, मग रांगेतल्या वीस जणांना. म्हणाले, "हा प्रोग्रॅम आहे की वरमाला?" मी तिथून पळाले नाही, हे तूही लिहून ठेव. रत्नम्माचा दोरा इतका पक्का आहे की कात्रीनं तुटेना. माळ आता यंत्राच्या वरच्या खिळ्याला लटकते आहे. आमचे विभागप्रमुख येऊन बघून गेले, विणकामाचा कारखाना बघायला मिळेल का म्हणून विचारत होते.

ती माळ चालली नाही. पण चालायची गरजही नव्हती. सोबतचा कागद उघड. चारी बाजूंना किनार आहे, चौकट आहे, मधे बर्फी आहे. कागदाच्या डोक्यावर यंत्रानं तारीख छापली आहे. वाच. एकोणीस ऑगस्ट.

चाललं होतं. पहिल्याच झटक्यात. गुरुलिंग टाळ्या वाजवत होते आणि मी तो कागद घडी घालून वहीत ठेवला.

का, ते सांगते. तू कॉलेज अर्ध्यात सोडलंस. त्याआधी तालीम सोडलीस, बासरी सोडलीस. मला वाटलं, हेही संपलं की तू हातातून टाकशील. ज्या गोष्टीला तू पहिल्यांदाच चिकटून बसला होतास, ती मला संपू द्यायची नव्हती. एक स्वल्पविराम म्हणजे तीन आठवड्यांची पत्रं. माझी समजूत होती की तुला भोकं वाचता येत नाहीत. सोलापूरच्या माणसाला हे लिहिताना माझी अक्कल कुठं होती कोण जाणे.

डाळमिल आवडली नाही. मिल बघितलेलीच नाही. बाबांना लिहिलंय, एम.एस्सी. झाल्याशिवाय कुणी यायचं नाही. बाबांचं उत्तर एका ओळीचं, "दांडा तुझ्या हातात हाय हे मला आदीच कळलं हुतं."

आता तुझा सवाल. तू विचारत नाहीस, तरी लिहिते. उत्तर "नाही" असतं तर मी एकोणीस ऑगस्टलाच कळवलं असतं.

पण दुसरी गोष्ट अजून अर्धी आहे. कॉलेजात दिवाळीनंतर परत घेतात, मी ऑफिसात विचारलं. एकच अट, ड्रॉइंगच्या सरांना लेखी माफी. फॉर्म सोबत आहे.

विजयमाला


सोलापूर, १ ऑक्टोबर १९७६

विजयमाला,

कागद कारखान्यात लावला. आप्पांनी चष्मा लावून बर्फी मोजली. म्हणाले, "किनार जरा बारीक झाली." मग दिवाणजींना म्हणाले, "पोरानं विणली." एवढंच. पण दिवसभर येईल त्याला त्या भिंतीपाशी नेत होते.

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही. सहा आठवडे तू मला फसवलंस आणि मी सहा आठवडे पुस्तक वाचत राहिलो. आता कुणी मला एकशे बारापैकी कुठल्याही पानावर काय आहे विचारावं.

माफी मागणं माझ्या स्वभावात नाही. पण लिहिली आहे. कच्ची प्रत सोबत आहे, चूक असेल तर सांग :

"मा. सरांस, मी आपल्या कोटावर शाईची दौत फेकली. सांडली नाही, फेकली. हे माझं चुकलं. मी त्याबद्दल क्षमा मागतो. पण आपणही चादरवाल्यांबद्दल जे बोललात ते आठवावं. मला पुन्हा वर्गात बसू द्यावं. आपला विद्यार्थी, चन्नवीर सिद्धलिंगप्पा."

तो सवाल मी आता पुन्हा विचारतो. सगळ्यांना कळलंच आहे, लपवायचं काय?

चन्नवीर


(पोस्टकार्ड)
पुणे, ६ ऑक्टोबर १९७६

चन्नवीर,

या वेळी मुद्दाम पोस्टकार्ड. आप्पांना आणि दिवाणजींना नमस्कार. त्यांचं वाचून झालं की दिवाणजींनी रत्नम्माला वाचून दाखवावं.

हो.

माफीपत्रात एक चूक. पाचवी ओळ, "पण" पासून "आठवावं" पर्यंत. पूर्ण ओळ काढ. ती वर्गात बसून, वर्षाच्या शेवटी, चांगल्या मार्कांनी सांगायची गोष्ट आहे. शंका नको, ही चूक खरी आहे.

लायब्ररीची चौथी नोटीस आली. पुस्तक पोस्टानं पाठवू नकोस.

विजयमाला